हाडकेमामाची कवटी आणि एक आखूड केस

चोर व्हायला कुणी तयारच होईना.

पेशीबाईंनी सगळी शाळा पालथी घातली. पेशीबाई म्हणजे जीवशास्त्राच्या बाई. वर्गात पाऊल टाकल्यापासून घंटा होईपर्यंत पेशी, पेशी आणि पेशी, म्हणून कुठल्याशा तुकडीनं हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं पाकीट देऊन जायचा. तर या पेशीबाईंना एक चोर हवा होता. खरा नाही, खोटा. आठवडाभर वापरून परत करण्यापुरता.

भानगड अशी होती. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष फरश्यांचे व्यापारी. त्यांना जगात दोनच प्रकारच्या खोल्या दिसायच्या, भरलेल्या आणि रिकाम्या. प्रयोगशाळा त्यांच्या लेखी रिकामी. इकडे व्हरांड्यात मोडक्या बाकांचा ढीग इतका वाढला होता की मागे एक तपासनीस चुकून त्यात शिरला, तो म्हणे दाढी वाढल्यावरच बाहेर आला. ती बाकं ठेवायला अध्यक्षांना प्रयोगशाळा हवी होती. आत आहे काय, तर एक सांगाडा आणि बाटल्यांतले बेडूक. मेलेल्या बेडकांना एवढी हवेशीर जागा कशाला, असं त्यांनी भर सभेत विचारलं. पेशीबाईंनी डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, शनिवारी येतो. या खोलीत मुलांना खरंच काही येतं असं दाखवा. नाहीतर सोमवारी बाकं आत आणि बेडूक बाहेर.

म्हणून बाईंनी चोरी काढली. सांगाड्याची कवटी नाहीशी होणार. चार संशयित. चोर मागे खुणा सोडणार, आणि मुलं ठसे, केस, लाळ असं तपासून त्याला पकडणार. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी गुन्ह्यांचे नमुने तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती म्हणाली, आमच्या नव्या लोकांना यंत्रावर हात बसवायला नमुने लागतातच, तुमचे पाठवा, डीएनए काढून देते. बाई दोन दिवस जमिनीपासून वीतभर वरून चालत होत्या.

मग चोर शोधायची वेळ आली आणि त्या खाली आल्या.

गणिताच्या सरांनी सांगितलं की उद्या चोराकडे शिकवणीला मुलं कोण पाठवील. संशयित व्हायला त्यांची हरकत नव्हती. संशय काय, कुणावरही असतो. खेळाचे सर एका पायावर तयार होते, पण त्यांची अट अशी की चोर सापडता कामा नये. आपण चोरी केली आणि आपल्याला या पोरांनी पकडलं तर आपण खेळ शिकवायला नालायक ठरतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना अर्धा तास समजावलं की सर, चोर सापडण्यासाठीच चोरी आहे. सर म्हणाले, मग हा सामना आधीच ठरवलेला झाला, आणि असल्या सामन्यात आपण उतरत नाही. राहिल्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी चष्मा काढून नुसतं बघितलं. त्या बघण्यानं एकदा भिंतीवरच्या पालीनं शाळा सोडली होती. पेशीबाई उलट्या पावली बाहेर आल्या.

मग उरल्या वन्सं.

वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद, आणि शाळेची ग्रंथपाल. राहायला वरच्या मजल्यावर, जेवायला खाली. घरात नणंद, शाळेत सहकारी, म्हणजे पेशीबाईंना दिवसाचे चोवीस तास वन्सं होत्या. वाचनालयात पान दुमडलेलं सापडलं की वन्सं त्या पानाचा वास घेऊन दुमडणाऱ्याचं नाव सांगतात, अशी मुलांची खात्री होती. पुस्तक उशिरा आणणारा मुलगा त्यांच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत दोन इंच बुटका व्हायचा. अशा बाईला चोर हो म्हणायचं, या विचारानं पेशीबाईंनी रात्रीचं जेवण होईपर्यंत तोंड उघडलं नाही. ताटं उचलताना कसंबसं बोलल्या.

वन्सं लगेच हो म्हणाल्या.

खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. पंधरा वर्षांच्या सहवासात वन्सं कशालाही लगेच हो म्हणाल्या नव्हत्या, अजून वाढू का या प्रश्नालासुद्धा. पण बाई इतक्या वैतागलेल्या होत्या की त्यांना होकार तेवढा ऐकू आला. त्यांनी घाईघाईनं सगळं समजावलं. चोरी वन्संनीच करायची, स्वतःच्या हातानं, म्हणजे बाईंचे ठसे कुठं उमटायला नकोत. आणि सांगाड्याच्या मानेला चिकटपट्टी आहे, तिच्यावर एक केस सोडायचा. गळलेला नको, उपटलेला हवा. डीएनए काढण्याजोग्या पेशी मुळाशीच असतात.

"कळतं गं," वन्सं म्हणाल्या. "पुस्तकं मी नुसती मोजत नाही, वाचतेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी बाई फरश्यांच्या दुकानात जाऊन अध्यक्षांच्या कानात चोराचं नाव सांगून आल्या. मुलांनी शनिवारी हेच नाव घेतलं तर खोली राहील, असं ठरलं. अध्यक्षांनी वर एक कलम घातलं की तपासणीचा अहवाल बाईंनी आधी बघायचा नाही. तो थेट मोठ्या बाईंकडे येईल आणि त्या तो मुलांच्या हातात देतील. पढवलेले पोपट बघायला आपल्याला वेळ नाही, असं ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मुलं प्रयोगशाळेत आली तर हाडकेमामाला डोकं नाही. हाडकेमामा म्हणजे तो सांगाडा. मुलांना इतका आनंद झाला की परीक्षा रद्द झाल्यावरही झाला नसता. दारातून आत यायला चेंगराचेंगरी, आणि त्यात चोराच्या निम्म्या खुणा पुसून जाणार म्हणून ओरडून ओरडून बाईंचा घसा तिथंच बसला. कसेबसे हातमोजे वाटले, दोरी बांधली, आणि तपास सुरू झाला.

पहिल्याच तासाला सगळं तिरपं जायला लागलं.

बोटांचे ठसे नव्हते. भुकटी मारून मारून मुलांनी सगळा सांगाडा काळा केला, एकही ठसा नाही. चोरानं हातमोजे घातले होते. बाईंनी मनात म्हटलं, वन्सं, मी ठसे सोडायला सांगितलं होतं, लपवायला नाही. मग फळ्याखाली सांडलेल्या खडूच्या पुडीत चपलेचा माग मिळाला. मोठा, पुरुषी. मग चिकटपट्टीवरचा केस चिमट्यानं सोडवला, तर तो बोटाच्या पेराएवढा. वन्संचा केस कमरेपर्यंत.

वर्गात एक मुलगी होती, तिचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दानं सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला 'पण' म्हणायचे. घरचेसुद्धा.

"पण बाई, केस आखूड आहे," ती म्हणाली. "आणि चप्पल मोठी आहे. पुरुष वाटतो."

बाई म्हणाल्या, घाई करायची नाही. चपला कुणाच्याही घालता येतात. केस मधेच तुटू शकतो. 'पण' सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आणि म्हणाली की टोक तर कात्रीनं कापल्यासारखं सरळ आहे. बाई म्हणाल्या, मग कापला असेल. एवढ्याशा प्रयोगासाठी वन्सं कशाला आख्खा केस देताहेत, असं त्या मनात म्हणाल्या. काटकसर त्यांच्या अंगात होतीच. वर्षभर या बाईंनी मुलांना घोकवून घेतलं होतं की आधी बघा, मग बोला. आता त्या स्वतः बोलत सुटल्या होत्या, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि उत्तर ठाऊक असलेला माणूस बघायचं सोडून देतो.

त्यात आणखी एक गंमत झाली. 'पण'नं केस फिरवून फिरवून पाहिला आणि जाहीर केलं की मुळाशी हा केस पांढरा आहे आणि पुढं काळाकुट्ट. म्हणजे रंगवलेला.

बाईंनी स्वतः डोळा लावला. खरंच की. आणि मग बाईंना आतून अशा गुदगुल्या झाल्या की त्यांना खोकल्याचं सोंग करावं लागलं. आमच्या घराण्यात साठीपर्यंत केस पांढरा होत नाही, हे वाक्य त्यांनी वन्संच्या तोंडून लग्नाच्या दिवसापासून ऐकलं होतं. आणि बाईंच्या अकाली पांढऱ्या बटेकडे बघत वन्सं ज्या तऱ्हेनं सुस्कारा सोडायच्या, तोही. आता सापडलात वन्सं. त्या आनंदात बाईंनी पुढचा विचार केलाच नाही. आखूड केस, मोठी चप्पल, हातमोजे, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्या बघत होत्या फक्त केसाचा रंग.

दोन्ही सर, मोठ्या बाई आणि वन्सं, अशा चारही संशयितांच्या गालाच्या आतून मुलांनीच कापसाच्या काडीनं लाळ घेतली. गणिताच्या सरांनी तोंड उघडायच्या आधी आपण निर्दोष असल्याचं छोटं भाषण केलं. खेळाच्या सरांनी काडी चावली. वन्संनी मात्र शांतपणे तोंड उघडलं, शांतपणे मिटलं, आणि कुठल्या मुलाकडे कुठलं पुस्तक राहिलंय ते जाता जाता सांगून गेल्या. नमुने रवाना झाले.

शनिवार उजाडला. अध्यक्ष आले ते बरोबर मोजपट्टी घेऊन. आल्या आल्या त्यांनी प्रयोगशाळेची लांबी मोजली, मग रुंदी, आणि बाकं आडवी बसतील की उभी याचा विचार करत स्टुलावर बसले. चौघे संशयित खिडकीशी ओळीनं. मोठ्या बाईंनी अहवालाचं पाकीट 'पण'च्या हातात दिलं. मुलं तासभर कोपऱ्यात डोकी एकत्र करून कुजबुजत होती. बाईंना वाटत होतं, एवढं काय कुजबुजायचं त्यात. हे आकडे, ते आकडे, जुळवा आणि नाव घ्या.

शेवटी 'पण' फळ्याशी आली.

ती म्हणाली, केस या चौघांपैकी कुणाचाही नाही.

अध्यक्षांनी मोजपट्टी पुन्हा खिशातून काढली. बाईंच्या पायाखालची फरशी, तीही अध्यक्षांच्याच दुकानातली, सरकल्यासारखी झाली.

"पण तो वाचनालयाच्या बाईंशी जुळतो. अर्धामुर्धा," 'पण' म्हणाली, आणि फळ्यावर आकड्यांच्या जोड्या लिहायला लागली. "डीएनएत तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. केसाचे आणि बाईंचे आकडे काही ठिकाणी दोन्ही जुळतात, बऱ्याच ठिकाणी एकच, आणि काही ठिकाणी एकही नाही. केस बाईंचाच असता तर सगळे जुळले असते. त्यांच्या मुलाचा असता तर प्रत्येक ठिकाणी निदान एक जुळला असता. परक्याचा असता तर इतके जुळलेच नसते."

"मग कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"सख्ख्या भावंडाचा, बहुतेक. आणि अहवालात पुरुष लिहिलंय."

 मग सगळ्यांच्या माना पेशीबाईंकडे वळल्या. वन्संना सख्खा भाऊ एकच. शाळेच्या फाटकासमोर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मुलांचे घड्याळकाका. सोमवारी सकाळी शाळेचं घड्याळ बंद पडलं म्हणून ते शिडी घेऊन आले होते, हे मुलांनी विचारून ठेवलं होतं. चपलेचं मापही म्हणे मुलं दुकानाबाहेर काढलेल्या काकांच्या चपलांवरून घेऊन आली होती. पेशीबाईंनी मनात हात जोडले. एका जन्मात एवढा हुशार वर्ग मिळायचा, तो आजच मिळायचा होता.

अध्यक्ष उठले आणि म्हणाले की बाईंनी त्यांना वेगळंच नाव सांगितलं होतं. मुलांनी भलत्यालाच पकडलं, तेही बाईंच्याच यजमानांना. विषय संपला, बाकं सोमवारी. बाई काही बोलणार तोवर दोन मुलं कुणाला न विचारता धावत जाऊन घड्याळकाकांना घेऊनही आली. काका डोळ्याचं भिंग कपाळावर चढवून, हातात कुणाचं तरी उघडं मनगटी घड्याळ धरून दारात उभे. सगळा वर्ग त्यांच्या डोक्याकडे बघत होता. त्यांनी आधी डोक्यावरून हात फिरवला, मग मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कोण आहे म्हणून.

'पण'नं त्यांना अगदी नम्रपणे विचारलं, काका, तुम्ही केस रंगवता का.

काकांनी बायकोकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग हातातल्या घड्याळाकडे, जसं काही त्यात उत्तर सापडणार होतं.

"दुकानात," ते म्हणाले. "मागच्या मोरीत. तीन वर्षं झाली, ताई."

पेशीबाईंनी कपाळावर हात मारला. वन्संवर म्हणून आठवडाभर ज्या गुदगुल्या झाल्या, त्या होत्या स्वतःच्या नवऱ्यावर. एका घरात राहून, एका आरशात बघून, तीन वर्षं या माणसाच्या डोक्याकडे आपण पाहिलं नाही. आणि आपण म्हणे मुलांना निरीक्षण शिकवतो. पण काकांची लाज आणि बाईंचा संताप यांना तोंड फुटायच्या आत अध्यक्ष हसले. ते म्हणाले, छान आहे, बहीण पुस्तकं सांभाळते, बायको बेडूक सांभाळते, आणि भाऊ चोऱ्या करतो.

खिडकीशी खुर्ची करकरली. वन्सं उठल्या होत्या.

"माझ्या भावाला चोर म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. वाचनालयात बोलतात तसंच, हळू. पण अध्यक्ष खाली बसले. "कवटी मी नेली. नकाशांच्या पुस्तकांमागं आहे, टॉवेलात गुंडाळून. चपला याच्या घातल्या. केसही याचाच. रविवारी दुपारी खुर्चीत घोरत होता तेव्हा उपटला. डास म्हणून त्यानं माझ्याच हातावर चापट मारली."

"पण का, वन्सं?" पेशीबाईंचा आवाज चिरका झाला. "सगळं खोटं होतं. खोटी चोरी, खोटा चोर. तुम्हीच हो म्हणालात."

"नाही म्हटलं असतं तर तू आठवडाभर तोंड पाडून वाढलं असतंस." वन्सं मुलांकडे न बघता बोलत होत्या. "आणि तुला खोटी वाटते गं. मी तीस वर्षं या पोरांना सांगत आले, पुस्तक चोरू नका, पान फाडू नका. उद्या मला फळ्यावर चोर लिहिलं की परवा माझं कोण ऐकणार? म्हटलं, केस कुणाशीच जुळायचा नाही, चोर सापडायचा नाही, सुटले. भावाचा केस निम्मा माझाच असतो, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं मी."

खेळाचे सर हळूच म्हणाले की सापडायचं नाही हीच तर त्यांची अट होती. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

अध्यक्ष गोंधळले. त्यांना ज्या बाईचं नाव सांगितलं होतं तिनंच चोरी कबूल केली, पण मुलांनी नाव घेतलं होतं दुसऱ्याचं. मग मुलं बरोबर की चूक, ते एकदा सांगा, असं ते पेशीबाईंना म्हणाले. आता चूक म्हटलं तर खोली गेली. आणि बरोबर म्हटलं तर आपण काय होतो, हे सगळ्यांसमोर सांगावं लागणार.

"मुलं बरोबर," पेशीबाई म्हणाल्या. "केस ज्याचा होता त्याचंच घर त्यांनी गाठलं. चपला ज्याच्या होत्या त्याच ओळखल्या. चुकले मी. केस आखूड आहे हे त्यांनी मला सोमवारीच सांगितलं होतं, आणि मी तो लांब करत बसले. या खोलीत कुणाला काही येत नसेल तर ते मला, साहेब. त्यांना येतं."

अध्यक्ष हनुवटी खाजवत राहिले. फरश्यांच्या धंद्यात त्यांना असं कधी कुणी म्हणालं नव्हतं. ते आणखी किती वेळ खाजवत राहिले असते कुणास ठाऊक, पण तेवढ्यात 'पण' मोठं भिंग घेऊन त्यांच्या स्टुलामागं येऊन उभी राहिली होती. चोरीबिरी तिच्या दृष्टीनं संपली होती. तिचं सगळं लक्ष अध्यक्षांच्या भांगावर होतं.

"पण साहेब," ती म्हणाली, "तुमच्यापण मुळाशी..."

अध्यक्ष असे उठले की स्टूल आडवं झालं. दारापर्यंत पोचता पोचता त्यांनी सांगून टाकलं की खोली राहू दे, बाकांचं काय ते बघू, पण या मुलीच्या हातात भिंग देत जाऊ नका. मोजपट्टी ते इथंच विसरून गेले.

प्रयोगशाळा वाचली. पेशीबाईंना वाटलं, आता निदान चार दिवस डोकं शांत राहील. सोमवारी वाचनालयासमोर ही रांग. जी पोरं वन्संच्या दारावरून चवड्यांवर जायची, ती आत गर्दी करून विचारत होती, बाई, हातमोजे कुठून आणलेत, बाई, कवटी जड होती का. वन्संनी पहिल्या दिवशी खरं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यात अंधार आला. गुरुवारपर्यंत त्या खिडकीतून चढून आत गेल्या होत्या, कवटी दातात धरून पाइपावरून उतरल्या होत्या, आणि फाटकाशी एक कुत्रा आडवा आला तर त्याला हाडकेमामाकडून धमकी दिली होती. पुस्तकं म्हणे इतकी जायला लागली की कपाटं पोकळ वाजायला लागली. आणि परत येणारी सगळी वेळेवर, एकही पान दुमडलेलं नाही. असल्या बाईची पुस्तकं दडपायची कुणाची छाती होती?

गणिताचे सर येऊन विचारून गेले की पुढच्या वेळी चोराची जागा रिकामी आहे का.

त्या रात्री जेवताना वन्सं पुन्हा ती गोष्ट सांगत होत्या, आता भावाला. यजमान घास हातात धरून ऐकत होते, जसं काही तो केस दुसऱ्याच कुणाच्या डोक्यातला होता. पाइपाची उंची दोन मजल्यांची झाली तेव्हा पेशीबाईंनी तोंड उघडलं. प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, वन्सं, आणि किल्ली मीच दिली होती, एवढं सांगायला. मग त्यांना ती खोली आठवली, सकाळच्या उन्हातल्या बेडकांच्या बाटल्या, डोकं परत आलेला हाडकेमामा. त्यांनी तोंड मिटलं आणि वन्संना वाढलं.

"ऐक गं," वन्सं म्हणाल्या. "पुढच्या वर्षी चोरी नको. खून ठेव. माझं आहे थोडं वाचन त्यावर."